टेबल सुटल्यावरची मैत्री

एका वाचकाचं पत्र आलं आहे. तो पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि गेले आठ महिने कॉलेजच्या ग्रंथालयात संध्याकाळी काम करतो, आठवड्यातून चार दिवस, रोज तीन तास. देवघेवीच्या काउंटरवर त्याच्यासोबत तिघं असतात. निवृत्तीला दोन-तीन वर्षं उरलेले ग्रंथालय परिचर, ज्यांना सगळे मामा म्हणतात. पीएचडीचा प्रबंध लिहिणारी एक ताई. आणि पहिल्या वर्षाचा एक मुलगा, जो सुरुवातीचे दोन महिने तोंडच उघडत नव्हता. वर्गात या वाचकाचं फारसं कुणाशी जमलं नाही, या तिघांशी मात्र जीव जडला. आता दोन गोष्टी एकदम समोर आल्यात. पुढच्या सत्रात प्रकल्प असल्यामुळे काम सोडावं लागणार, हातात आठ आठवडे आहेत. आणि याच आठ आठवड्यांसाठी ग्रंथपाल मॅडमनी शिफ्टचं वेळापत्रक आणि हजेरीची वही त्याच्याकडे सोपवली आहे. पहिल्या वर्षाचा मित्र आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास उशिरा येतो आणि म्हणतो, ‘तेवढी वेळेवरची सही टाक ना.’ वर्गातली मुलं म्हणतात, ‘एका टेबलाला बसता म्हणून बोलता. टेबल सुटलं की संपलं.’ वाचक विचारतो: हे खरं आहे का? मित्राला नाही म्हटलं तर तो तुटेल का? आणि काम सुटल्यावर ही माणसं माझी राहतील का?

*

प्रिय मित्रा,

तुझ्या वर्गातल्या मुलांचं निम्मं बोलणं खरं आहे, म्हणून आधी तेच घेऊ. हो, तुम्ही एका टेबलाला बसता म्हणूनच बोलायला लागलात. पण त्यांची आपापसातली दोस्ती कशी झाली, हे त्यांना एकदा विचार. कुणाचे हजेरी क्रमांक लागोपाठचे असतील, कुणी प्रयोगशाळेत एका बॅचला पडले असतील, कुणाला वसतिगृहात शेजारची खोली मिळाली असेल. लिऑन फेस्टिंगर, स्टॅन्ली शॅक्टर आणि कर्ट बॅक या तीन मानसशास्त्रज्ञांचा १९५० साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास या बाबतीत फार गाजलेला आहे. अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये विवाहित विद्यार्थ्यांची एक वसाहत होती. घर निवडायची सोय नव्हती, जे रिकामं होईल ते मिळे. तिथे कोण कुणाचा मित्र झाला, हे त्यांनी तपासलं. एका मजल्यावर लागून दार असलेल्यांपैकी ४१ टक्के एकमेकांना जवळचे मित्र म्हणत होते. दोन दारं पलीकडे हा आकडा २२ वर आला आणि मजल्याच्या दोन टोकांना राहणाऱ्यांत १० वर. जिन्यापाशी आणि टपालपेट्यांपाशी राहणाऱ्यांच्या ओळखी तर दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलेल्या होत्या. म्हणजे दार कुठे आहे यावर मैत्री ठरत होती, आणि तरीही त्या मैत्रीला कुणी खोटी म्हटलं नाही. सुरुवात योगायोगाने झाली एवढ्यावरून ती टिकेल की नाही, हे कळत नाही.

तुझ्या बाबतीत वेगळं आहे ते वय. विशीतला मुलगा, पंचावन्न ओलांडलेला माणूस, प्रबंधात बुडालेली ताई आणि शाळेतून नुकताच आलेला पोरगा असे चौघं एरवी एका खोलीतही यायचे नाहीत. लुसिल नाहेमॉ आणि पॉवेल लॉटन यांनी १९७५ साली न्यूयॉर्कमधल्या मॅनहॅटनच्या सार्वजनिक गृहसंकुलातल्या मैत्रीचा अभ्यास केला. समवयस्कांची मैत्री लांबच्या इमारतीपर्यंतही जाई. पण वेगळ्या वयाची किंवा वेगळ्या वंशाची माणसं मित्र झाली असतील, तर ती बहुतेक करून अगदी जवळजवळ राहणारी होती. यातून तुझ्या कामाचं एवढंच घे: वयाचं अंतर मोठं असलं की रोजची जवळीक जास्त लागते. म्हणून टेबल सुटल्यावर या मैत्रीचा धागा समवयस्कांच्या दोस्तीपेक्षा लवकर विरेल, हा धोका खरा आहे. तुझ्या वर्गमित्रांना हे ठाऊक नसावं, पण त्यांच्या टोमण्यातला तथ्याचा अंश तो एवढाच. आणि त्यावर इलाज आहे.

इलाजाकडे जाण्याआधी हजेरीच्या वहीचं बघू, कारण आठ आठवड्यांनी येणाऱ्या निरोपापेक्षा ती वही आज जास्त घातक आहे.

गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली एक प्रश्न मांडला होता. एरवी एकमेकांपासून दूर राहणारे लोक एकत्र आले, तर त्यांच्यातले पूर्वग्रह कधी कमी होतात? त्याने चार अटी सांगितल्या: तिथे सगळ्यांचा दर्जा सारखा असावा, उद्दिष्ट एक असावं, काम स्पर्धेने नव्हे तर सहकार्याने होत असावं, आणि वरच्या अधिकाऱ्याचा किंवा संस्थेचा त्याला पाठिंबा असावा. तो समाजातल्या गटांबद्दल बोलत होता, पण तुमच्या काउंटरला हे चारही नेमकं लागू पडतं. आठ वाजता परत आलेल्या पुस्तकांचा गाडा रिकामा करून दिवे घालवायचे, हे चौघांचं उद्दिष्ट. ती पुस्तकं एकाने वर्गांकाप्रमाणे, म्हणजे पाठीवरच्या विषयवार क्रमांकाप्रमाणे लावायची आणि दुसऱ्याने कपाटात सारायची, हे सहकार्य. मॅडमचा पाठिंबा तर आहेच. आणि काउंटरमागे मामा, ताई, तू आणि तो पोरगा, चौघंही देवघेवीचे कामगार. तुला वेळापत्रक आणि वही मिळाली त्या दिवशी यातली पहिली अट, सारख्या दर्जाची, मोडली. मित्राने सही मागितली हे फक्त त्याचं लक्षण. त्याने मागितली नसती तर दुसऱ्या कुणी दुसरं काही मागितलं असतं, ‘शनिवारची मला देऊ नकोस’ वगैरे.

म्हणून पहिलं काम मॅडमकडे जाऊन करायचं. त्यांना सांग की शिफ्टचं वेळापत्रक मी आनंदाने करतो, पण हजेरीची वही तुमच्या टेबलावर राहू द्या. जो तो येता-जाताना स्वतःच्या हाताने वेळ लिहील. वेळापत्रक लावणं आणि तास प्रमाणित करणं ही दोन कामं एका विद्यार्थ्याच्या हातात असूच नयेत. तुझ्यावर विश्वास आहे की नाही, हा इथे प्रश्नच नाही. तासांवर पैसे मिळतात, तिथे पैशाची नोंद आणि कामाची वाटणी वेगळ्या हातांत ठेवतात, कुठल्याही कार्यालयात. मॅडमना हे पटायला जड जाणार नाही. पण जाताना ‘अमुक उशिरा येतो’ हे बोलू नकोस. तक्रारीचा विषय काढलास की वही परत तुझ्याच गळ्यात पडेल, आणि मित्राच्या मागे चौकशी लागेल ती वेगळी.

आता तो मित्र. तू लिहिलंस की तो ठरावीक दोनच दिवस उशिरा येतो. आळशी माणूस ठरावीक दिवशी आळशी नसतो. त्या दोन दिवशी त्याचं प्रात्यक्षिक लांबत असेल, बस असेल, दुसरं एखादं काम असेल. तू त्याला कारण विचारलंस का? पत्रात कुठे दिसलं नाही. पत्रात दिसतो तो तुझा अंदाज, की नाही म्हटलं तर तो तुटेल. म्हणजे प्रश्न न विचारताच तू उत्तराला घाबरतो आहेस.

हिशोब मांडून बघ. आठवड्याला दोन अर्धे तास म्हणजे एक तास. आठ आठवड्यांचे आठ तास. वहीत हे आठ तास खोटे असतील आणि त्याखाली सही तुझी असेल. पकडलं गेलं तर काम दोघांचंही जाईल, आणि बहुतेक ठिकाणी पुढच्या वर्षी पुन्हा मिळणार नाही. हे झालं नियमाचं. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती दुसरी गोष्ट. संध्याकाळचा पहिला अर्धा तास म्हणजे तास सुटून पोरं काउंटरवर लोटतात ती वेळ. तो नसतो तेव्हा त्याच्या वाटणीची पुस्तकं कोण घेतं? बहुधा मामा, उभ्याउभ्या. तू टाकलेली सही वहीत दिसेल, पण तिचा भार तुझ्या तिसऱ्या मित्राच्या पायांवर पडेल. एकाची मैत्री राखताना दुसऱ्याची खर्ची पडते आहे, हे त्या पोराच्याही ध्यानात आलं नसेल.

त्याच्याशी काउंटरवर बोलू नकोस, आणि ग्रुपवर तर मुळीच नको. शिफ्ट संपल्यावर बाहेर पडताना, चालता चालता बोल. आधी कारण विचार. मग नकार आणि मदत एकाच दमात सांग, साधारण असं: ‘सही मी खऱ्या वेळेचीच टाकणार, त्यात बदल होणार नाही. पण तुझा तास बुडू नये असं मलाही वाटतं. त्या दोन दिवशी तुला अर्धा तास उशिरा लावून शेवटी अर्धा तास वाढवता येतो का, मी उद्या मॅडमना विचारतो.’ दारं बंद झाल्यावरचं काम असतंच: परतीचा गाडा सकाळसाठी लावून ठेवणं, टेबलांवर राहिलेली पुस्तकं गोळा करणं, खिडक्या, दिवे. ते जमत नसेल तर आठवड्याचा तो एक तास सलग दुसऱ्या दिवशी द्या. सुरुवातीच्या गर्दीसाठी त्या दोन दिवशी ताईला किंवा स्वतःला काउंटरवर ठेव आणि मामांना मागच्या दालनात मांडणीचं काम दे.

यात चुकतं कुठे, तेही सांगतो. बहुतेक जण नकार देताना मॅडमच्या आड लपतात: ‘मी टाकली असती रे, पण त्या चिडतील.’ याचा अर्थ समोरचा असा घेतो की मॅडम रजेवर असतील त्या दिवशी चालेल. मग दर रजेला तोच विषय. दुसरी चूक म्हणजे ‘या एकदाच टाकतो’. त्या एकदाची किंमत नंतरच्या प्रत्येक नकाराला मोजावी लागते, कारण मग नियम उरत नाही, तुझी त्या दिवशीची मर्जी उरते. आणि तो रागावलाच तर? आठवडा-दोन आठवडे रागावू दे. त्याची समजूत काढायला रोज मागे लागू नकोस, ताईकडे त्याची गाऱ्हाणी करू नकोस, आणि त्याची सोयीची शिफ्ट मात्र ठरल्याप्रमाणे त्याला मिळू दे. ‘एवढ्यावरून तुटली ती मैत्रीच नव्हती’ असं म्हणायला सोपं आहे, पण मला ते वाक्य आवडत नाही. त्याला त्या तासाच्या पैशांची खरोखर निकड असू शकते, आणि निकडीतल्या माणसाला सुरुवातीला नकारच ऐकू येतो. मदत दिसायला थोडा वेळ लागतो.

वेळापत्रकाचं थोडक्यात. आधी नियम लिही, मग शिफ्टा लाव. उलटं केलंस की प्रत्येक नियम कुणाच्या तरी विरुद्ध काढल्यासारखा वाटतो. प्रत्येकाकडून अजिबात न जमणाऱ्या तीन वेळा आणि आवडीच्या दोन वेळा लिहून घे. नकोशा शिफ्टा, म्हणजे शनिवार, परीक्षेच्या आदल्या संध्याकाळी, कुलूप लावायची पाळी, या आळीपाळीने फिरव आणि कुणाची कितवी झाली हे सगळ्यांना दिसेल असं कागदावर ठेव. स्वतःची शिफ्ट सगळ्यात शेवटी निवड. पुढच्या आठवड्याचा तक्ता गुरुवारपर्यंत लाव. अदलाबदल करायची तर ज्याला हवी त्याने बदली माणूस शोधायचा आणि दोघांनीही लिहायचं. तुझ्या मध्यस्थीची गरज पडू नये. एवढं केलंस की दर्जाची जी अट मोडली, ती बरीचशी सांधली जाईल, कारण मग शिफ्ट तू देत नाहीस, तक्ता देतो.

आता तुझा मोठा प्रश्न, ही माणसं राहतील का.

तिघंही सारखी राहायला हवीत, असं तू धरून चाललायस. तो हट्ट सोड. चौघांची मिळून झालेली मैत्री ही प्रत्यक्षात सहा वेगवेगळ्या जोड्या असतात, आणि त्यातल्या तीन तुझ्या आहेत. त्या तिन्हींना एकच औषध लागू पडणार नाही. ‘इव्हिनिंग शिफ्ट’ नावाचा ग्रुप असेल तर त्याच्या भरवशावर राहू नकोस. तुझ्या जागी नवा मुलगा येईल, तो त्यात सामील होईल, मग ‘उद्या कुणी लवकर येऊ शकेल का’ असे निरोप येत राहतील आणि महिन्याभरात तू तो ग्रुप आवाज बंद करून ठेवशील. यात कुणाचाच दोष नसतो.

काम नेमकं काय पुरवत होतं, हे आधी ओळख. ते वेळ देत होतं. भेटायचं ठरवावं लागत नव्हतं. बोलायला विषय देत होतं: चुकीच्या कपाटात सापडलेलं पुस्तक, दंडावरून भांडणारा वाचक. आणि न बोलण्याचीही सोय देत होतं. ही तिसरी गोष्ट सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. दोन माणसं कपाटाकडे तोंड करून शेजारी उभी राहून पुस्तकांचा क्रम तपासतात तेव्हा मधली शांतता अवघड होत नाही, कारण हात चालू असतात. दोन महिने गप्प असलेला तो पोरगा तिसऱ्या महिन्यात बोलायला लागला तो बहुधा असाच, पुस्तकांकडे बघत. त्याला समोरासमोर बसवून ‘सांग, कसं चाललंय’ म्हटलं असतं तर आणखी दोन महिने गेले असते. काम सुटलं की या तिन्ही गोष्टी एका दिवसात जातात. त्या आता तुलाच घडवायच्या आहेत.

कॅन्सस विद्यापीठातल्या जेफ्री हॉल यांचा २०१८ साली पुढे आलेला अभ्यास इथे उपयोगी आहे. नव्या गावी आलेले लोक आणि पहिल्या वर्षाचे विद्यार्थी यांच्या माहितीवरून त्यांनी अंदाज बांधला की नुसत्या ओळखीची साधी मैत्री व्हायला सुमारे ५० तास लागतात, मित्र म्हणण्याजोगी व्हायला सुमारे ९०, आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. तुझे आठवड्याचे बारा तास, सुट्ट्या वगळून तीस आठवडे धरले तरी ३६० होतात. पण लगेच खूश होऊ नकोस. त्याच अभ्यासात असंही दिसलं की नुसतं सोबत काम करण्यात गेलेले तास तितके कामी येत नाहीत. फावल्या वेळात, हौसेने एकत्र घालवलेले तास जवळीक वाढवतात. म्हणजे तुझ्याकडे शिल्लक भरपूर आहे, पण ती एकाच प्रकारची आहे.

म्हणून आठ आठवड्यांत प्रत्येकाला काउंटरबाहेर एकदा तरी भेट, आणि तेही काम चालू असतानाच. काम सुटल्यावर पहिल्यांदा बाहेर भेटायचं म्हटलं की ते अवघड होऊन बसतं: ‘आता हा काय बोलणार’ असं दोघांनाही वाटतं. काम चालू असताना भेटलात आणि गप्पा फसल्या, तरी दुसऱ्या दिवशी काउंटर आहेच. चौघांनी मिळून नको, एकेकाला भेट. तास-दीड तास पुरे. पहिली भेट लांबवू नये. अजून बोलायचं होतं असं वाटत असताना उठलेलं बरं.

मामांचं सगळ्यात वेगळं आहे. तुझं हे काम तात्पुरतं आहे, त्यांची ती नोकरी आहे, आणि तिची शेवटची वर्षं चालू आहेत. तू मित्र म्हणून सहज मागशील, ‘मामा, तेवढा दंड सोडा’, ‘ते संदर्भ पुस्तक रात्रीपुरतं बाहेर जाऊ द्या’, त्याचा जाब त्यांना द्यावा लागतो. तू काम सोडल्यावर हे जास्त पाळायचं, कारण मग तू वाचक असशील. काउंटरच्या आत जाऊन त्यांच्या खुर्चीशेजारी बसायचं नाही, भलेही ते बोलावोत. नव्या मुलाला ते खटकतं आणि मामांना त्याचं उत्तर द्यावं लागतं. भेटायला जायचं ते ग्रंथालय रिकामं असतं अशा वेळी. ती वेळ तुला माहीत आहेच.

त्यांनी तुला फाटकी पानं सांधायला शिकवलं, असं तू ओझरतं लिहिलंस. मला ती पत्रातली सगळ्यात मोलाची ओळ वाटली. चिकटपट्टी लावायची नाही, कारण काही वर्षांत ती पिवळी पडते, तिचा डिंक कागदात उतरतो आणि काढताना अक्षरं घेऊन येते. पातळ कागदाची पट्टी, गव्हाच्या सत्त्वाची पातळ खळ, वर वजन आणि पुरतं सुकेपर्यंत हात नाही. हे ज्ञान एका शिफ्टमध्ये येत नाही. काम सुटल्यावर भेटण्याचं याहून सच्चं कारण तुला मिळणार नाही. घरातली, मित्रांची चार फाटकी पुस्तकं जमव आणि महिन्यातून एका ठरावीक दिवशी त्यांच्याकडून शिकून घे, त्यांना जमेल तिथे, जमेल त्या वेळी. मोठ्या माणसाशी मैत्री करणारी मुलं बऱ्याचदा एक चूक करतात. त्यांचे ऑनलाइन अर्ज भरून देतात, फोन दुरुस्त करून देतात, आणि स्वतः काही घेतच नाहीत. मग मोठ्या माणसाला उपकाराखाली दबल्यासारखं होतं आणि तो दूर राहू लागतो. घेतही जा. निरोप टाकण्यापेक्षा त्यांना फोन कर, आणि कोणत्या वेळी केलेला चालेल ते आधी विचारून ठेव. निघताना ‘येत जाईन हं’ म्हणू नकोस. वार सांग.

ताईबद्दल फार लिहीत नाही, कारण तुझ्याआधी बहुधा तीच जाईल. प्रबंध सादर करायच्या आधीच्या काही महिन्यांत माणूस कुणालाच उत्तर देत नाही. त्याचा अर्थ लावत बसू नकोस. आणि तिला तुझा प्रकल्प वाचायला देणार असलास, तर आता दे, आणि अख्खा देऊ नकोस. दोन पानं आणि एक नेमका प्रश्न.

पहिल्या वर्षाच्या पोराबरोबर बोलायला बसण्यापेक्षा काहीतरी कर. सॅम रॉबर्ट्स आणि रॉबिन डनबर यांनी शाळा सोडून पुढे गेलेल्या विद्यार्थ्यांच्या मैत्रीचा दीड वर्ष मागोवा घेतला, तेव्हा मुलींच्या मैत्रीला बोलण्याने आधार मिळाला आणि मुलांच्या मैत्रीला सोबत काही करण्याने. हा काही सगळ्यांना लावायचा नियम नव्हे, पण तुझा मित्र ज्या तऱ्हेने बोलता झाला ते पाहता त्याला तो लागू पडेल असं वाटतं. चालायला जा, खेळा, सायकल दुरुस्त करा. हात गुंतलेले असू देत.

काम सोडल्यावर पहिली भेट दोन-तीन आठवड्यांच्या आत व्हायला हवी, आणि तिची तारीख शेवटच्या शिफ्टआधी ठरलेली असायला हवी. तरीही कुणाशी मध्येच संपर्क तुटला, सहा महिने गेले, आता कुठल्या तोंडाने फोन करू असं वाटलं, तर पेगी लिउ आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा २०२२चा अभ्यास ध्यानात ठेव. आपण सहज कुणाची आठवण काढून निरोप पाठवला, तर समोरच्याला किती बरं वाटेल याचा अंदाज लोक सतत कमीच करतात; आणि निरोप जितका अनपेक्षित, तितका तो जास्त आवडतो. त्यात मोठी माफी, मोठं स्पष्टीकरण नको. ‘आज एक पुस्तक चुकीच्या कपाटात दिसलं, तुझी आठवण आली’ एवढंही चालतं.

एक गोष्ट हळूच विचारतो. वर्गात तुझं जमलं नाही, की काउंटर मिळाल्यावर तू प्रयत्न सोडलास? दोन्ही शक्य आहे आणि दोन्हीत गैर काही नाही. पण पुढच्या सत्रात तुझ्या संध्याकाळी प्रकल्पाच्या गटाबरोबर जाणार आहेत, म्हणजे नवं टेबल मिळतंच आहे. काउंटरवर तू ज्या धीराने त्या गप्प पोराची दोन महिने वाट पाहिलीस, तो धीर वर्गातल्या कुणासाठी दाखवला होतास का, बघ.

कॅम्पसवर काम शोधणाऱ्या इतर वाचकांसाठीही थोडं. माणसं जोडावीत असं वाटत असेल तर तासाचा दर बघण्याइतकंच शिफ्ट कशी आहे हेही बघा. ठरावीक दिवस, तीच दोन-तीन माणसं आणि मधूनमधून रिकामा अर्धा तास, हे जिथे मिळतं तिथे मैत्री होते: ग्रंथालयाची देवघेव, प्रयोगशाळेची मांडामांड, संगणक कक्षाची मदतखिडकी, वसतिगृहाचं कार्यालय. दर वेळी नवे चेहरे असणाऱ्या समारंभाच्या ड्युट्या, किंवा कानात इयरफोन घालून एकट्याने पानं स्कॅन करत बसायचं काम, यात पैसे मिळतील, पण ओळखी सहसा वाढणार नाहीत. आणि कुणी बढती म्हणून वेळापत्रक देऊ केलं तर घ्या, पण वही घेऊ नका.

शेवटी, मित्रा, काम पूर्ण सोडण्याआधी मॅडमना एक विचारून बघ. वार्षिक ग्रंथपडताळणीला ग्रंथालयात जादा हात लागतात. ते काम जोडीने चालतं: एकाने पुस्तक काढून दाखल क्रमांक, म्हणजे ग्रंथालयाने त्या प्रतीला दिलेला नोंदणी क्रमांक वाचायचा, दुसऱ्याने यादीत खूण करायची, मग अदलाबदल. काही दिवसांचंच असतं आणि बहुतेक ठिकाणी परीक्षा संपल्यावर, सुट्टीत निघतं, म्हणजे प्रकल्पाच्या आड येणार नाही. आताच नाव देऊन ठेव, आणि जोडीला कोण हवं तेही सांग. मॅडमनी आधीच वेळापत्रक तुझ्या हाती सोपवलंय, त्या नाही म्हणतील असं दिसत नाही.